महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शहरातील मोटार : पुणे शहराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती आणि ओळखपत्र यांच्या अर्जांचे गठ्ठे साचू लागतात. अलीकडच्या काळात या गठ्ठ्यांत आणखी एका अर्जाची भर पडली आहे, तो म्हणजे वाहनतळाच्या परवान्याचा. पूर्वी हा अर्ज जवळजवळ केवळ दुचाकीसाठी असे. आता ‘चारचाकी’ या रकान्यासमोर खूण करणारे विद्यार्थीही आढळतात. त्यांची संख्या लहान असली तरी ती वाढती आहे, आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला तिचा विचार करावा लागतो. विद्यार्थ्याने शहरात स्वतःची मोटार बाळगावी काय, आणि बाळगली तर महाविद्यालयाने तिला जागा द्यावी काय, असा हा प्रश्न आहे.

वरवर पाहता हा प्रश्न शिस्तीचा किंवा फार तर अर्थशास्त्राचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असेही विचारले जाईल. परंतु विद्यार्थी महाविद्यालयात कसा येतो, या साध्या बाबीत शहराची वाढ, उद्योगांचा विकास, स्त्रियांचे स्वातंत्र्य, वर्गभेद आणि सार्वजनिक जागेवरील हक्क असे अनेक धागे एकत्र येतात. पुणे शहराच्या बाबतीत हे धागे विशेष स्पष्टपणे दिसतात. विद्येचे माहेरघर, सायकलींचे शहर आणि स्वयंचलित वाहनांच्या निर्मितीचे केंद्र अशा तीनही ओळखी या एकाच शहराने मिरवल्या आहेत.

उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाहनसाधनांत एकोणिसाव्या शतकापासून कसे बदल होत गेले ते पाहणे, हे पहिले. प्रत्येक बदलाने कोणाला काय दिले आणि कोणाचे काय घेतले याची नोंद करणे, हे दुसरे. आणि त्या आधारे आजच्या प्रश्नाविषयी काही भूमिका मांडणे, हे तिसरे. लेखासाठी संस्थांचे इतिहास, वाहनविषयक कायदे, बांधकाम नियमावली आणि सर्वज्ञात घटना यांचा आधार घेतला आहे. काही ठिकाणी प्रस्तुत लेखकाची अध्यापनकाळातील निरीक्षणेही आली आहेत. ती पुरावा म्हणून दिलेली नाहीत. केवळ उदाहरणादाखल दिली आहेत. सदर विवेचन मुख्यतः पुण्यापुरते मर्यादित आहे.

पायी चालण्याचा काळ

पुण्यातील आधुनिक उच्च शिक्षणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. १८५४ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. डेक्कन कॉलेज येरवड्याच्या बाजूला नदीपलीकडे होते. त्या काळच्या वस्तीपासून हे अंतर मोठे असल्याने तेथील निवासाच्या सोयीला महत्त्व होते. टिळक आणि आगरकर यांचा स्नेह याच महाविद्यालयाच्या परिसरात जुळला आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघण्यापूर्वीच्या चर्चा तेथेच रंगल्या, हे सर्वश्रुत आहे. वाहन नसल्यामुळे विद्यार्थी महाविद्यालयातच राहत, आणि एकत्र राहिल्यामुळे विचारांची देवाणघेवाण होई. या काळाचे हे वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ मध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालयाची १८८५ मध्ये झाली. आरंभी शहरातील वाड्यात भरणारे हे महाविद्यालय १८९० च्या दशकात नदीपलीकडच्या मोकळ्या जागेत गेले. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून निघालेले विद्यार्थी लकडी पूल ओलांडून पायी जात. टांगा होता, पण तो रोजच्या वापरासाठी सामान्य विद्यार्थ्याला परवडणारा नव्हता. अनेक विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. ज्याच्या दुपारच्या जेवणाचीच शाश्वती नसे, त्याच्या बाबतीत वाहनाचा विचार संभवतच नव्हता. अशा विद्यार्थ्यांसाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, १९५५ मध्ये, विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन झाली. विद्यार्थ्याची खरी अडचण अन्न आणि निवारा ही आहे, असे त्या पिढीतील कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

केवळ विद्यार्थीच पायी चालत होते असे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत होते. त्यांनी विधवांसाठीचा आश्रम हिंगण्यास नेल्यानंतर ते हिंगणे ते पुणे ही वाट ऊनपावसात पायी तुडवीत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. आज तोच मार्ग त्यांच्या नावाच्या रस्त्याने ओळखला जातो आणि गर्दीच्या वेळी त्यावरून वाहन पुढे सरकणे कठीण होते. गुरू आणि शिष्य दोघेही पायी चालत असल्याने वाहनावरून प्रतिष्ठा मोजण्याची सोय त्या काळी नव्हती. मात्र या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्यांना एवढे अंतर चालणे शक्य नव्हते किंवा ज्यांना एकट्याने रस्त्यावरून चालण्याची सामाजिक मुभा नव्हती, ते शिक्षणाबाहेरच राहिले. त्यांत स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी होती.

सायकलींचे शहर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सायकल आली आणि चित्र पालटले. आरंभी रॅले, हर्क्युलिस यांसारख्या विलायती सायकली येत. त्या महाग असल्याने सुस्थितीतील घरांपुरत्याच मर्यादित होत्या. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. ॲटलसचा कारखाना १९५१ मध्ये आणि हीरोचा १९५६ मध्ये सुरू झाला, तेव्हा सायकल हळूहळू कारकून, कामगार आणि विद्यार्थी यांच्या आवाक्यात आली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने चौकाचौकांत होती. ज्याची स्वतःची सायकल नसे त्याचेही काम अडत नसे. सायकलवर पालिकेचा कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसल्यास किंवा डबल सीट बसल्यास पोलीस अडवीत. जुन्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक पुणेकराजवळ या अडवणुकीची एखादी आठवण असते.

या किरकोळ वाटणाऱ्या तपशिलातून एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. सायकलसारख्या स्वस्त, निरुपद्रवी आणि अत्यल्प जागा व्यापणाऱ्या वाहनालाही रस्ता वापरण्याचे मोल द्यावे लागत असे. विद्यार्थी ते देत होता. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्या वापराचे काही मोल असते, हे तत्त्व त्या बिल्ल्यात सामावलेले होते. पुढे सायकलवरील कर गेला ते योग्यच झाले. परंतु तत्त्वही त्याबरोबरच गेले. मोटारीवर नोंदणीच्या वेळी कर घेतला जातो हे खरे, पण ती दिवसभर रस्त्याच्या कडेला जी जागा अडवून उभी राहते, त्या जागेचे भाडे बहुतेक ठिकाणी कोणीच देत नाही.

१९५० मध्ये पुण्यात महानगरपालिका अस्तित्वात आली आणि शहर बससेवाही पालिकेच्या हाती आली. त्याआधी १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले होते. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतरच्या काळात आसपासच्या तालुक्यांतील मुले सवलतीच्या पासावर रोज शहरात येऊ लागली. सायकल, शहर बस आणि एस.टी. या तीन साधनांनी १९५० ते १९८० या काळातील पुण्याचे उच्च शिक्षण पेलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. या तीनही साधनांत श्रीमंत आणि गरीब विद्यार्थी यांच्यातील अंतर फार दिसत नसे.

स्कूटर, मोपेड आणि विद्यार्थिनी

याच सुमारास पुण्याच्या परिसरात स्वयंचलित वाहनांचे कारखाने उभे राहत होते. आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. पियाजिओ या इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यानंतर १९७२ मध्ये ‘चेतक’ ही स्कूटर आली. त्याच वर्षी फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ ही मोपेड बाजारात आणली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे स्कूटर घरी आली तरी ती वडिलांची असे; मुलाला ती एखाद्या दिवशी मिळे. मोपेड मात्र स्वस्त, हलकी आणि चालवण्यास सोपी होती. गिअर नसलेली आणि ५० घनसेंटिमीटरच्या आतील इंजिन असलेली दुचाकी सोळाव्या वर्षापासून चालवण्याची मुभा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही दिली. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी या वाहनाचा कायदेशीर हक्कदार ठरला.

या बदलाचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे स्त्रियांचा संचार. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत गणना होते. त्या काळी ते अपवादात्मक धाडस मानले गेले. लूना आणि १९८४ मधील कायनेटिक होंडा, तसेच त्यानंतर आलेल्या सनी व स्कूटी यांसारख्या बिनगिअरच्या गाड्यांमुळे एक-दोन पिढ्यांत हेच दृश्य नित्याचे झाले. ओढणीने चेहरा बांधून सकाळी सातच्या तासाला येणारी विद्यार्थिनी ही पुण्याची ओळख बनली. भावाच्या किंवा वडिलांच्या सोबतीवाचून, बसथांब्यावरील त्रास चुकवून, संध्याकाळच्या शिकवणीला किंवा ग्रंथालयात जाण्याचे स्वातंत्र्य या वाहनाने दिले. म्हणून विद्यार्थ्याच्या हाती वाहन नको, असा सरसकट निष्कर्ष इतिहासाच्या आधारे काढता येत नाही.

तथापि या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९८० नंतर शहर कोथरूड, सिंहगड रस्ता, औंध, हडपसर अशा दिशांनी पसरत गेले. १९९७ मध्ये अडतीस गावे पालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. त्यांतील काही पुढे वगळण्यात आली. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावांची पुन्हा भर पडली. हद्द वाढली तरी त्या प्रमाणात बससेवा वाढली नाही. घर आणि महाविद्यालय यांतील अंतर सायकलच्या टप्प्याबाहेर गेले आणि बसचा भरवसा राहिला नाही. अशा स्थितीत दुचाकी ही निवड उरली नाही, ती गरज झाली. ज्यांना ती घेता आली नाही ते थांब्यावर उभे राहिले. पहिल्या तासाला उशिरा येणारा विद्यार्थी आळशी असतोच असे नाही. अनेकदा तो दोन बस बदलून आलेला असतो, हे वर्गावरील अनुभव असलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे.

मोटारीचे आगमन

परवाना पद्धतीच्या काळात मोटार ही मूठभरांची वस्तू होती. ॲम्बॅसडर आणि फियाट (पुढील नाव प्रीमियर पद्मिनी) एवढेच पर्याय प्रामुख्याने होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला मोटारीचे स्वप्न पाहणे शक्य झाले. १९९३ मध्ये मोटारनिर्मिती परवान्याच्या बंधनातून मुक्त झाली. १९९८ मध्ये पुण्याच्या परिसरातच तयार होणारी टाटा इंडिका बाजारात आली. त्यानंतर कर्जाची सुलभता आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील वाढते वेतन यांमुळे घरातील पहिली मोटार ही बाब सामान्य झाली. २००९ मध्ये आलेली नॅनो अपेक्षेप्रमाणे चालली नाही आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. परंतु मोटार सर्वांना मिळावी ही आकांक्षा तिने स्पष्ट शब्दांत मांडली होती.

घरात दुसरी मोटार आली की पहिली मोटार मुलाकडे जाते. अठरावा वाढदिवस, बारावीतील गुण, अभियांत्रिकीचा प्रवेश अशी निमित्ते असतात. दुचाकीचे अपघात पाहून धास्तावलेले पालक ‘चारचाकीत निदान डोके तरी सुरक्षित राहील’ असा विचार करतात. हा विचार अगदीच निराधार नाही. हेल्मेटविषयी पुणेकरांनी वेळोवेळी दाखवलेला विरोध लक्षात घेता पालकांची चिंता समजण्याजोगी आहे. मात्र मोटारीत बसलेल्याची सुरक्षितता आणि मोटारीबाहेरच्याची सुरक्षितता या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि पालकाच्या हिशेबात केवळ पहिलीच धरलेली असते.

२०१८ मध्ये पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या सुमारे ३६ लाखांवर पोहोचली आणि तिने शहराच्या अंदाजित लोकसंख्येस मागे टाकल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. वाहनांसाठी रस्ते वाढवण्याचे उपाय किती अल्पायुषी ठरतात याचे उदाहरण विद्यापीठाच्या दारातच आहे. २००६ च्या सुमारास उभारलेला विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला. एका पदवीधराच्या शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षणाला जेवढी वर्षे लागतात, तेवढेही आयुष्य त्या पुलाला लाभले नाही.

रस्त्यावर अग्रहक्क कोणाला, याचे आणखी एक बोलके उदाहरण लकडी पुलाचे आहे. ज्या पुलावरून एकेकाळी विद्यार्थी पायी फर्ग्युसनला जात, त्याच पुलावर अनेक वर्षे दुचाकींना बंदी होती. मोटारींना मात्र मुभा होती. वाहतूक सुरळीत करणे हा त्यामागील हेतू असेल. परंतु बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वळसा घ्यावा आणि अल्पसंख्य मोटारींनी सरळ जावे, हा त्या व्यवस्थेचा अर्थ होता.

अन्यत्रचे अनुभव

विद्यार्थ्यांच्या मोटारींचा प्रश्न जगात प्रथमच उद्भवलेला नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटार स्वस्त झाली आणि विद्यापीठांना त्याची झळ लागली. १९२७ मध्ये मिशिगन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या मोटारींवर बंदी घातली. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठानेही पदवीपूर्व विद्यार्थ्यांना मोटार बाळगण्यास मनाई केली. त्यावर विद्यार्थी प्रतिनिधींनी निषेधाचे पाऊल उचलले. अपघात, अभ्यासाकडे दुर्लक्ष आणि नीतिविषयक चिंता अशी संमिश्र कारणे या बंदीमागे होती. याच काळातील अमेरिकन लहान शहराचा ‘मिडलटाऊन’ हा रॉबर्ट व हेलन लिंड यांचा १९२९ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. पालक आणि मुले यांच्यातील वादाच्या विषयांत मोटारीचा वापर ठळकपणे असल्याचे त्यात नोंदवलेले आहे.

केंब्रिज विद्यापीठात तर विसाव्या शतकात दीर्घकाळ मोटार बाळगण्यासाठी विद्यार्थ्याला विद्यापीठाची परवानगी घ्यावी लागे आणि त्यावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी होता. रँग्लर परांजपे याच केंब्रिजमधून १८९९ मध्ये सिनियर रँग्लर होऊन परतले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. महाविद्यालयीन जीवनाचे अनेक आदर्श आपण त्या विद्यापीठाकडून घेतले. वसतिगृह, वादविवाद मंडळ आणि क्रीडांगण या गोष्टी आपण उचलल्या. मोटारीवरील नियंत्रण मात्र उचलण्याची वेळच आली नाही, कारण तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांकडे मोटारी नव्हत्या.

या दाखल्यांचा उपयोग सावधपणे केला पाहिजे. प्रिन्स्टन आणि केंब्रिज ही निवासी विद्यापीठे आहेत. तेथील विद्यार्थी वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. आपला विद्यार्थी वाघोलीहून किंवा धायरीहून येतो. निवासाची आणि वाहतुकीची सोय न करता केवळ बंदीचे अनुकरण करणे अन्यायाचे होईल. बंदी टिकली ती तेथे मोटारीवाचून जगणे सोयीचे होते म्हणून, हा या इतिहासाचा खरा बोध आहे.

जागेचा हिशेब

महाविद्यालयाच्या दृष्टीने हा प्रश्न अखेर जागेचा आहे. राज्यातील एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार (२०२०) एका मोठ्या मोटारीच्या उभे राहण्यासाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते. दुचाकीसाठी दोन चौरस मीटर आणि सायकलसाठी सुमारे पाऊण चौरस मीटर जागा पुरते. म्हणजेच वळण्याची जागा सोडून दिली तरी एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी किंवा सतरा सायकली राहू शकतात. मोटारीतून बहुधा एकच विद्यार्थी उतरतो, हे लक्षात घेतले म्हणजे विषमतेचे माप कळते.

साडेबारा चौरस मीटर म्हणजे एखाद्या विभागप्रमुखाच्या खोलीएवढी जागा. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात तेवढ्या जागेत आठ-दहा विद्यार्थी टेबलाशी बसून अभ्यास करू शकतात. प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात शिकला, तेथे मुख्य इमारतीमागे व्हॉलीबॉलचे मैदान होते. सायंकाळी वसतिगृहातील मुले तेथे खेळत. ही मुले बहुतेक ग्रामीण भागातील होती. त्यांच्याकडे वाहन नव्हते, आणि शहरात फुकट मिळणारी तेवढीच एक करमणूक त्यांना होती. काही वर्षांनी पुन्हा जाण्याचा योग आला तेव्हा त्या मैदानावर फरशी घालून वाहनतळ केलेला आढळला. जाळीचे दोन खांब तेवढे उरले होते आणि त्यांना ‘फक्त चारचाकी’ अशी पाटी बांधलेली होती. निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसावा. दारापुढील रस्त्यावर गाड्या उभ्या राहतात म्हणून पोलिसांची पत्रे येत असतील, पालक तक्रारी करीत असतील. परंतु ज्यांच्याकडून मैदान घेतले गेले त्यांच्या वतीने पत्र लिहिणारे कोणी नव्हते. प्रस्तुत विषयाकडे वळण्यास हा अनुभव कारणीभूत झाला, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे योग्य ठरेल.

जबाबदारीचा प्रश्न

मोटार आणि तरुण वय यांच्या संबंधात कायद्याने वयाची अट घातलेली आहे. १९८८ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस मोटार चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ समाविष्ट झाले. अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळू शकत नाही.

कायदा कडक होऊनही १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर येथे भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप होता. त्याला प्रथम जामीन देताना घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्यावर देशभर संताप व्यक्त झाला आणि तो आदेश काही दिवसांतच बदलण्यात आला. न्यायालयीन बाबींवर भाष्य करणे हा येथे हेतू नाही. परंतु शिक्षक म्हणून त्या अटीतील ‘निबंध’ हा शब्द अस्वस्थ करतो. दोन जीव गेल्यानंतर जे लिहावयास सांगितले गेले, ते आधी शिकवावयाचे काम घराचे आणि आपले होते. मोटार हाती देणाऱ्याने तिच्याबरोबर काय दिले नाही, हा प्रश्न त्या घटनेने सर्वांपुढे ठेवला आहे. येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. मृत्यू पावलेले दोघे दुचाकीवर होते. मोटार घरात असणाऱ्याची सुरक्षितता आणि रस्त्यावरील इतरांची सुरक्षितता यांत वर म्हटलेला भेद येथे अतिशय क्रूरपणे प्रकट झाला.

काही प्रतिवाद

मोटारीच्या बाजूने मांडले जाणारे तीन मुद्दे विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला मुद्दा दिव्यांग विद्यार्थ्यांचा आहे. त्यांच्यासाठी मोटार ही चैनीची वस्तू नसून ती शिक्षणाचे दार आहे. त्यांना प्रवेशद्वाराजवळ राखीव जागा मिळालीच पाहिजे. दुसरा मुद्दा रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत किंवा नोकरीवर राहणाऱ्या विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचा आहे. तो रास्त आहे, परंतु ज्या विद्यार्थिनींकडे मोटार नाही त्यांच्या सुरक्षिततेचे उत्तर त्यातून मिळत नाही. रस्त्यावरील दिवे, विश्वासार्ह बस आणि महाविद्यालयाची स्वतःची सोय हीच सर्वांसाठीची उत्तरे आहेत. तिसरा मुद्दा व्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या पैशाने काय घ्यावे हे महाविद्यालयाने सांगू नये, असे म्हटले जाते. हे मान्य केले तरी महाविद्यालयाने त्या वस्तूसाठी सर्वांच्या मालकीची जागा विनामूल्य द्यावी, हे त्यातून निष्पन्न होत नाही. शिवाय विद्यार्थिदशेतील मोटार बहुधा स्वतःच्या पैशाची नसतेच.

पर्यायांच्या बाबतीतही परिस्थिती पूर्वीसारखी निराशाजनक राहिलेली नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला आणि त्यातील एका मार्गाचे आरंभीचे टोक गरवारे महाविद्यालय हे होते. एखाद्या रेल्वेस्थानकाने महाविद्यालयाचे नाव धारण करावे ही गोष्ट पुण्याच्या परंपरेस साजेशी आहे. ऑगस्ट २०२३ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हे जाळे आणखी वाढले. सायकलींच्या पुनरुज्जीवनाचे प्रयोग मात्र टिकले नाहीत. २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकलींची योजना विद्यापीठ परिसरात आणि शहरात गाजावाजाने सुरू झाली, पण ती अल्पावधीत ओसरली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी जुनी दुकाने कोणत्याही योजनेवाचून काही दशके चालली होती. तेव्हा रस्ता सायकलस्वाराला सुरक्षित होता, हेच त्यांच्या यशाचे मुख्य कारण होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) पुण्यातील विद्यार्थ्यांच्या वाहनसाधनांतील प्रत्येक बदल शहराच्या विस्ताराशी आणि उद्योगांच्या विकासाशी निगडित होता. तो केवळ विद्यार्थ्यांच्या हौसेतून झाला नाही. (२) सायकल आणि मोपेड यांनी शिक्षणाची कक्षा रुंदावली, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. मोटारीने अशी कक्षा रुंदावल्याचे, दिव्यांग विद्यार्थ्यांचा अपवाद वगळता, दिसत नाही. (३) मोटार ज्या जागेवर उभी राहते ती जागा बहुधा मोटार नसलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्यातून येते. (४) पर्यायी सोयीवाचून घातलेली बंदी अन्याय्य असते, आणि सोय असताना दिलेली मोफत जागाही तितकीच अन्याय्य असते.

म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्याने शहरात मोटार बाळगावी काय, या प्रश्नाला प्रस्तुत लेखकाचे उत्तर सामान्यतः नकारार्थी आहे. तिच्यासाठी महाविद्यालयाने मैदान, वाचनकक्ष किंवा वृक्षांची सावली यांपैकी काहीही देऊ नये, असेही नम्रपणे सुचवावेसे वाटते. अर्थात हा नियम विद्यार्थ्यांना लागू करण्यापूर्वी आपण प्राध्यापकांनी स्वतःलाही लावून पाहिला पाहिजे. हिंगण्याहून चिखल तुडवीत येणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाचे चित्र आपण दरवर्षी जयंतीला दिवाणखान्यात लावतो, आणि समारंभ आटोपला की वाहनतळावर आपल्या मोटारीकडे जातो. विद्यार्थी आपले भाषण ऐकतो, आणि आपण कोठे जातो हेही पाहतो.